धूरवाली व्हिस्की कशी शोधायची, धूर किती ते कसं ओळखायचं: खेड्यात राहणाऱ्यांसाठी

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडच्या चौघांनी पैसे जमा करून लफ्रॉइग या स्कॉटलंडच्या धूरवाल्या व्हिस्कीचा खंबा आणला आणि उघडला कुठं, तर वावरात, हुरड्याच्या आगटीशेजारी. एकाच्या तोंडात खर्रा, दुसऱ्याच्या हातात बिडी, ग्लासात सोडा न् बर्फ. एकजण म्हणे, "काहून बे, याच्यात धूर कुठी हाय?" दुसरा म्हणे, "हे तं डेटॉल हाय राजेहो." दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, पण एवढ्या महागाची बाटली दोन तासांत संपली आणि कोणालाच काही कळलं नाही.

हाच प्रकार मला परत परत दिसतो. म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय. एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा: आपल्या खेड्यात नाकात धूर आधीपासूनच असतो. चूल, गोवऱ्या, पऱ्हाटी, तुराट्या, देवघरातली उदबत्ती, डासांची कॉइल. त्या धुराच्या मागून व्हिस्कीतला धूर शोधायचा म्हणजे आधी नाक रिकामं करावं लागतं, बाटलीचं नंतर बघू.

## १. आधी कागद आणि रस्ता

कंटाळवाणं आहे पण पहिलं हेच. महाराष्ट्रात व्हिस्की घ्यायला-प्यायला वय २५ पूर्ण लागतं आणि परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा कायमचा. वर्षाचा तरी काढून ठेवा.

आता रस्ता. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली होती ती २०२१ ला उठली. घोळ कुठं होतो सांगतो, आमच्या अमरावती जिल्ह्यातली पोरं नागपूरला जातात, मोठं दुकान बघून दोन बाटल्या घेतात आणि हायवेनं परत निघतात, आणि तो हायवे कारंजा घाडगे, तळेगाव असा वर्धा जिल्ह्यातूनच येतो हे कोणाच्या ध्यानातच राहत नाही. यवतमाळकडं देवळीवरून जाणाऱ्यांचंही तेच. समृद्धीनं गेलात तरी वर्धा लागतोच.

थांबा: नागपूरहून बाटली आणायच्या आधी राज्य उत्पादन शुल्कच्या ऑफिसात विचारून घ्या, नाहीतर सरळ अमरावती-अकोल्यातच शोधा. "बिल आहे ना माझ्याकडं" एवढ्यावर भरवसा ठेवून निघू नका.

परदेशातून कोणी नातेवाईक येत असेल तर येताना ड्युटी फ्रीमधून माणशी २ लिटरपर्यंत आणता येते. धूरवाल्या व्हिस्कीसाठी नावाजलेल्या स्कॉटलंडच्या आयला बेटाच्या बाटल्या आपल्याकडं बऱ्याचदा अशाच पोचतात.

## २. दुकानात काय मागायचं

त्या बेटाचं नाव इंग्रजीत बघितलं तर काहीही वाचलं जातं, पण उच्चार 'आयला'. आता आपल्याकडं काउंटरवर उभं राहून "आयला आहे का?" म्हटलं की काय होतं ते मी भोगलंय. दुकानदारानं आधी माझ्याकडं बघितलं, मग मागं उभ्या माणसाकडं बघितलं, मग म्हणाला, "काय झालं भाऊ?" तेव्हा बेटाचं नाव सोडा, बाटलीचं नाव सांगा. शक्य असेल तर फोटो दाखवा.

धूर येतो कुठून ते दोन ओळीत. जव भिजवून मोड आणतात, मग वाळवतात. वाळवताना खाली पीट जाळलं, म्हणजे दलदलीतली शेकडो-हजारो वर्षांची अर्धवट कुजलेली झाडंझुडपं, की त्याच्या धुरातली फिनॉल जातीची रसायनं जवाला चिकटतात. बस. व्हिस्की मुरवायच्या पिंपाच्या आतून जाळलेल्या लाकडाचा याच्याशी संबंध नाही, त्यातून व्हॅनिला, टोस्ट, कॅरॅमल असली चव येते. रंगाचाही संबंध नाही. गडद दिसते म्हणून धूरवाली समजून घेतलेल्या बाटल्या मी स्वतः दोन पाहिल्यात, एकीतही धूर नव्हता.

पीपीएमचा आकडा आणि त्याचा घोळ

पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत फिनॉलचे किती भाग. लोक बाटलीच्या नावासकट हा आकडा पाठ करून येतात. आर्डबेग ५५, लफ्रॉइग ४० ते ४५, लागावुलिन ३५ च्या आसपास, बोमोर २५ च्या आसपास, आणि ऑक्टोमोर ८.३ (हे बाटलीचं नाव) तर ३०९.१. आकडे खरे आहेत पण ते जवातले आहेत, बाटलीतले नाहीत. दळण, आंबवणं, उकळणं या सगळ्यात बराच धूर गळून जातो. त्यातही धुराचे जड अंश भट्टीतून धार निघताना उशिरा येतात, म्हणून जो कारखाना धार लवकर तोडतो त्याची व्हिस्की मवाळ, जो उशिरापर्यंत घेतो त्याची जहाल. लागावुलिन आणि कल ईला दोघांना साधारण सारख्याच आकड्याचा माल्ट (मोड आणून वाळवलेला जव) जातो, तरी ग्लासात दोन वेगळ्या गोष्टी येतात. शिवाय पिंपात वर्षं वाढली की धूर मऊ होत जातो. म्हणजे आकडा बघून फक्त एवढंच ठरवायचं की ही हलकी, मधली का भारी. ३०९ म्हणजे ५५ च्या साडेपाच पट धूर लागेल असं गणित करू नका, तसं लागत नाही.

आयलाची आहे म्हणजे धूरवाली, हेही चूक. बुनहाव्हनची नेहमीची बाटली आयलाचीच, पण तिच्यात पीट नाही म्हटलं तरी चालेल. ब्रुकलॅडी कारखाना एकच, पण ब्रुकलॅडी नावाची बिनपीटची, पोर्ट शार्लट ४० पीपीएमची भारी आणि ऑक्टोमोर अतिभारी. नाव नीट वाचा.

उलट बाजूनं टॅलिस्कर आयलाची नाही, स्काय बेटाची, पण धूर आणि मिरी दोन्ही आहेत.

सुरुवात कशानं करायची

माझं मत विचाराल तर पहिली खरेदी स्कॉटलंडची नकोच. गोव्याच्या पॉल जॉनच्या तीन बाटल्या आहेत: ब्रिलियन्स बिनपीटची, एडिटेड हलक्या पीटची, बोल्ड भारी पीटची. तिन्ही ४६ टक्के, तिन्ही एकाच कारखान्यातल्या. फरक मुख्यतः धुराचाच उरतो, शिकायला यापेक्षा सोपी शिडी मला तरी सापडली नाही. तिघांनी एकेक घेऊन वाटून घ्या. बंगळुरूच्या अमृतची पीटेड ४६ टक्क्यांची येते, तिचीच कास्क स्ट्रेंथ (पिंपातून काढली तशी, पाणी न घातलेली) ६२.८ टक्क्यांची. ती दुसरी पहिल्याच दिवशी उघडू नका, जीभ भाजेल आणि त्यालाच धूर समजाल.

एवढा खर्च नको असेल तर टीचर्स हायलँड क्रीमची क्वार्टर मिळते का बघा, तिच्यात आर्डमोरचा पीटवाला माल्ट असतो, धूर हलका पण आहे. जॉनी वॉकरच्या ब्लॅक लेबलमध्ये मागं कुठंतरी धूर असतो, डबल ब्लॅकमध्ये पुढं येतो. नाकाची शाळा म्हणून हे पुरेसं.

लेबलवर 'पीटेड कास्क फिनिश' असं दिसलं तर सावध. त्यात जव धुरात वाळवलेला नसूही शकतो, फक्त आधी धूरवाली व्हिस्की ठेवलेल्या पिंपात शेवटचे काही महिने ठेवलेली असते. धूर लागतो, पण ओझरता.

तपासा: सील, झाकण, होलोग्राम, महाराष्ट्रात विक्रीसाठीचा छापील भाव. मानेपर्यंत भरलेली आहे का. दुकानाच्या काचेत उन्हात वर्षभर उभी असलेली शोची बाटली घेऊ नका, मागून आतली मागा. आणि "ढाब्यावर स्वस्तात ओरिजिनल मिळते" असं कोणी म्हटलं तर तिकडं वळूच नका, रिकाम्या बाटल्या का विकत घेतल्या जातात याचा विचार करा.

## ३. नाक रिकामं करणं

इथंच बहुतेकजण हरतात म्हणून जरा लांबण लावतो.

खर्रा. चार तास आधी बंद. तंबाखू, सुपारी, चुना तोंडात घोळवलेल्या माणसाला धुराची शेपटी (घोट गेल्यावर उरणारी चव) कळतच नाही, त्याच्या तोंडाची कातडीच सुन्न असते. बिडी-सिगरेटचंही तेच, आणि शेजारच्यानं ओढली तरी तेच.

जेवण. सावजी खाऊन बसू नका. मटणाचा रस्सा ज्या दिवशी, त्या दिवशी व्हिस्की तपासायची नाही, नुसती प्यायची असेल तर तुमची मर्जी. पण रिकाम्या पोटीही नको. वरण-भात किंवा भाकर आणि साधी भाजी दोन तास आधी, एवढं ठीक.

खोली. आता बघा, उन्हाळ्यात आपण कूलर लावतो, त्यात नवीन वाळा किंवा लाकडाचा भुसा, त्याचा ओला मातकट वास सगळ्या खोलीत. पीटचा एक प्रकारचा वास अगदी त्याच्याजवळचा, ओल्या मुळ्यांचा, मातीचा. मी एकदा अख्खी संध्याकाळ एका साध्या ब्लेंडमध्ये "मस्त मातीचा पीट आहे" म्हणत बसलो होतो, आणि तो निघाला कूलर. तेव्हापासून कूलर बंद, पंखा चालू.

चूल विझलेली असावी. कॉइल, उदबत्ती, धूप नको. दिवाळीनंतर शेजारच्या वावरात पऱ्हाटी पेटवली असेल तर त्या दिवशी बेत रद्द. ज्या खोलीत फवारणीची औषधं, खताची पोती ठेवता तिथं तर बसायचंच नाही, आणि व्हिस्कीची बाटलीही तिथं ठेवायची नाही.

हात. साबणानं धुतले तर साबणाचा वास, डिझेल पंपाला हात लावला असेल तर डिझेलचा. नुसत्या पाण्यानं चोळून धुवा आणि धुतलेल्या सुती रुमालाला पुसा.

तपासा: सगळं झाल्यावर रिकामा ग्लास नाकाला लावा. काही वास येतोय? फडक्याचा, कपाटाचा, भांड्याच्या पावडरचा? मग ग्लास परत धुवा. रिकामा ग्लास रिकामाच लागला पाहिजे.

कधी बसायचं, तर हिवाळ्यात संध्याकाळी, किंवा पहाटे कामाला जायच्या आधी नुसतं हुंगायला (प्यायला नाही). मे महिन्यात ४५ अंशात अल्कोहोल एवढं उडतं की नाकात फक्त झणका जातो. बसायचंच असेल तर बाटली अर्धा तास माठातल्या पाण्यात उभी करा. फ्रिजमध्ये नको, थंड झाली की वास बसतो.

## ४. ग्लास, पाणी, माप

स्टीलचा ग्लास नाही, फुलपात्र नाही. धातूचा वास येतो. चहाचा काचेचा ग्लास वर रुंद असतो, वास पसरून जातो. खाली फुगीर आणि वर निमुळता काचेचा ग्लास पाहिजे, ग्लेनकेर्न मिळाला तर छान, नाही तर वाईनचा लहान ग्लास चालतो. सगळ्यांना सारखेच ग्लास, हे महत्त्वाचं.

पाणी. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, आमचा सगळा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी व्हिस्कीत घातलं तर व्हिस्की खारट लागणार आणि तुम्ही म्हणणार "वा, समुद्राची चव आली." आयलाच्या व्हिस्कीत खारटपणा वाटतो हे खरं आहे, पण तो तुमच्या बोअरचा नसावा. नळाच्या पाण्यात क्लोरीन, तेही नको, त्याचा वास दवाखान्यासारखा. आरओचं किंवा सीलबंद बाटलीचं साधं पाणी घ्या. सोडा नाही, बर्फ नाही, कोला तर विषयच नाही.

मापाला मेडिकलमधून सुईशिवायची १० मिलीची नवी सिरिंज आणा. प्रत्येक ग्लासात १५ मिली, मोजून. अंदाजानं ओतलं की ज्यात जास्त पडली ती जास्त धूरवाली वाटते.

थांबा: एका बैठकीत चारच नमुने. चार गुणिले १५ म्हणजे ६० मिली, एक लार्ज. त्यापुढं नाक काही सांगत नाही, नुसतं तोंड बोलतं. थुंकायला एक डबा ठेवा, लाजायचं नाही. आणि बसायच्या आधीच मोटरसायकलची चावी घरच्यांकडं.

## ५. हुंगायचा क्रम

१. बिनधुराची पहिली, हलकी दुसरी, भारी शेवटी. उलटं केलंत तर भारीनंतर हलकीत काहीच लागत नाही, आणि तुम्ही दुकानदाराला शिव्या घालता.

२. ओतल्यावर ग्लास ५-१० मिनिटं तसाच राहू द्या. गरागरा फिरवू नका.

३. नाक ग्लासात खुपसू नका. हनुवटीपासून सुरू करा, हळूहळू वर आणा. धूर कोणत्या उंचीवर पहिल्यांदा कळला ते लिहा. हनुवटीला कळला तर भारी, ओठापाशी कळला तर मध्यम, ग्लासाच्या आत नाक नेल्यावर कळला तर हलका. तोंड थोडं उघडं ठेवा, झणका कमी लागतो.

४. दोन-तीनदा हुंगलं की थांबा. नाक फार लवकर सवय करून घेतं, पाचव्या वेळी धूर "गेला" असं वाटतं तो गेलेला नसतो. अंगणात जाऊन दोन मिनिटं साधी हवा घ्या.

५. मग पाणी. व्हिस्की तपासणारी मंडळी बहुतेकदा २० टक्क्यांच्या आसपास पातळ करून हुंगतात. ४० टक्क्यांच्या १५ मिलीत १५ मिली पाणी, ४६ च्या १५ मिलीत साधारण २०, आणि ६२.८ वालीत ३२. आता अल्कोहोल सगळ्यांत सारखं झालं, म्हणजे जे वेगळं उरलं ते खरं.

आता धूर 'किती' सोबत धूर 'कसला' हेही लिहा, नाहीतर आकडा आंधळा. इथं आपल्याला शहरवाल्यांपेक्षा फायदा आहे, धुराचे प्रकार आपण रोज बघतो. विझलेल्या चुलीची थंड राख, ही कल ईलामध्ये मला नेहमी सापडते. वांगं भाजून साल काढताना येतो तो गोडसर जळका वास किंवा रोडगे आरातून काढून झटकताना येतो तो, हा लागावुलिनच्या बाजूचा. तापलेलं डांबर आर्डबेगमध्ये. आणि दवाखाना, आयोडीन, जुनी पट्टी, लफ्रॉइग. आमच्या त्या माणसाला डेटॉल लागलं त्यात चूक काहीच नव्हती, डेटॉलमधलं मुख्य औषध क्लोरोझायलेनॉल, तेही फिनॉलच्याच भावकीतलं. गोठ्यात टाकतो त्या काळ्या फिनाईलचीही तीच जात.

फसवे वास: काडी ओढल्यावर येतो तसा गंधकाचा वास शेरी वाईनच्या पिंपातल्या काही व्हिस्कींना असतो, तो धूर नाही. तळाला लागलेल्या दुधासारखा करपट वासही पीटचा नाही. शंका आली तर एक थेंब तळहातावर चोळा, अल्कोहोल उडू द्या आणि मग हुंगा. पीट असेल तर राख-धूर मागं राहतोच.

## ६. तोंडात

छोटा घोट, चहाच्या अर्ध्या चमच्याएवढा. पहिला घोट मोजायचा नाही, तो जिभेला ओळख करून द्यायला. दुसऱ्याला दहा आकडे मोजेपर्यंत तोंडात फिरवा, मग गिळा किंवा थुंका, तोंड मिटून नाकातून श्वास सोडा. धूर खरा इथं कळतो. घड्याळ लावा. अर्ध्या मिनिटात संपला तर हलका, दोन-तीन मिनिटांनी पण नाकातून राखेचा वास येत असेल तर भारी.

जिभेची जळजळ म्हणजे धूर नव्हे. ती अल्कोहोलची. मिरीसारखी चुणचुणही वेगळी. हे तीन वेगवेगळे लिहा.

दोन नमुन्यांच्या मध्ये साधं पाणी आणि भाकरीचा कोरडा तुकडा. चिवडा, शेव, खारे दाणे नंतर.

## ७. आकडा द्यायचा आणि मग स्वतःलाच पकडायचं

वहीत तीन रकाने: नाकाला ० ते ५, तोंडाला ० ते ५, शेपटी किती मिनिटं. नाकाचा आणि तोंडाचा आकडा वेगळाच ठेवा, बेरीज करू नका. काही व्हिस्की हुंगताना गावभर धूर करतात आणि तोंडात काहीच नाही, काहींचं बरोबर उलटं.

बाटली समोर असली की आकडा फुगतो, हे मी शंभर टक्के सांगतो. म्हणून घरातल्या कोणाला तरी, आमच्याकडं वहिनी हे काम फार आनंदानं करते, तीन ग्लास भरायला सांगा: दोनात एकच व्हिस्की, तिसऱ्यात वेगळी, खाली कागदाला खूण. वेगळा कोणता ते ओळखा. परत ग्लासांची जागा बदलून. तीनदा केलं आणि तिन्ही वेळा बरोबर आलं तर फरक खरा आहे. एकदाच बरोबर आलं तर तुम्ही अंदाज मारलाय.

दोन भारी व्हिस्कींत जास्त भारी कोण, यावर भांडण लागलं तर एक देशी उपाय. बिनपीटची एखादी घ्या, ब्रिलियन्स चालेल. दोन्ही भारींचे ५-५ मिली वेगळ्या ग्लासात घ्या आणि दोन्हीत ती बिनपीटची ५-५ मिली वाढवत जा, दर वेळी हुंगा. जिचा धूर आधी हरवला ती हलकी. दोघींची टक्केवारी वेगळी असेल तर आधी पाण्यानं सारखी करून घ्या, नाहीतर निकाल खोटा येतो. ही शेवटची परीक्षा नुसती हुंगून करायची, प्यायची नाही, कारण भर घालता घालता ग्लास कुठं जातो कळत नाही.

## ८. सकाळचा ग्लास, आणि उरलेली बाटली

रात्री ग्लास धुवू नका. झाकून ठेवा (मांजर आणि मुलं दोघांच्या हाताबाहेर) आणि सकाळी चहाच्या आधी, चूल पेटायच्या आधी हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं. बिनपीटच्या ग्लासात गूळ, लाकूड, धान्य असलं काही, भारीच्या ग्लासात चक्क राख. रात्री दिलेल्या आकड्यापेक्षा मी या सकाळच्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवतो, वहीत चौथा रकाना त्याचाच.

उरलेली बाटली उभी ठेवा, आडवी केली की तीव्र अल्कोहोल बुचाला खातं. टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर नको, खालच्या कपाटात, अंधारात. निम्म्याच्या खाली आली की लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, नाहीतर आतल्या हवेनं धूर उतरत जातो. पुढच्या हिवाळ्यात तीच बाटली काढून "हिचा धूर कमी झाला, कंपनीनं माल बदलला" असं म्हणायच्या आधी, ती वर्षभर कुठं आणि किती रिकामी उभी होती ते वहीत बघा. म्हणून बाटली उघडल्याची तारीख लेबलवर पेनानं लिहून टाका, उघडतानाच.